या पतंगाचं नाव डोनाल्ड ट्रम्प!

पंख जेमतेम चार मिलिमीटरचा, डोक्यावर पिवळट-पांढरी झुलपं आणि नाव थेट अमेरिकेच्या अध्यक्षांचं! २०१७ मध्ये या चिमुकल्या पतंगाच्या बारशाने जगभर हशा पिकवला. पण हसून झाल्यावर खरी गोष्ट सुरू होते...

ट्रम्प हे नाव वाचायला आपल्याला काही अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही. पुण्यात कल्याणीनगरला ट्रम्प टॉवर्स आहेत, मुंबईत वरळीला ट्रम्प टॉवर आहे. इमारतीवर हे नाव लावायचं तर रीतसर करार करावा लागतो. आणि आत फ्लॅट घ्यायचा तर... जाऊ दे, महिनाअखेर आहे, तो विषय नको!

पण जगात एक जण असा आहे, ज्याला हे नाव एक पैसाही न मोजता मिळालं. कुठला करार नाही, डाउन पेमेंट नाही. तुमच्या करंगळीच्या नखावर तो आरामात मावेल. त्याचा एक पंख ३ ते ४.६ मिलिमीटर लांब, म्हणजे आंबेमोहोराच्या दाण्याहूनही छोटा. अंगावर नारिंगी-पिवळसर रंगाची छटा. आणि डोक्यावर मात्र पिवळट-पांढऱ्या खवल्यांची अशी काही दाट झुलपं, की फोटो पाहिल्याबरोबर कुणालाही एकच माणूस आठवावा.

याचं नाव 'निओपाल्पा डोनाल्डट्रम्पी'. जोक नाही हं, हे त्याचं अधिकृत शास्त्रीय नाव आहे. शंभर वर्षांनी एखादा विद्यार्थी या पतंगावर काही लिहायला बसेल, तेव्हा त्यालाही हेच नाव लिहावं लागेल.

ड्रॉवरमधला शोध

'नवीन प्रजातीचा शोध' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? घनदाट जंगल, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात जाळी घेऊन धावणारा दाढीवाला शास्त्रज्ञ. इथे तसलं काहीही घडलं नाही. हा शोध लागला तो म्युझियमच्या ड्रॉवरमधल्या पतंगांमधून.

वाझ्रिक नझारी हे कॅनडातले कीटकशास्त्रज्ञ. लहान पतंग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. 'निओपाल्पा' या कुळाचा नव्याने अभ्यास करताना त्यांनी ठिकठिकाणच्या संग्रहांतून नमुने मागवले. त्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या बोहार्ट म्युझियमचेही नमुने होते. हे म्युझियम म्हणजे किड्यांची बँकच म्हणा ना! सत्तर लाखांहून जास्त नमुने तिथे जपून ठेवलेले आहेत. प्रत्येकाला बारीक टाचणी, टाचणीखाली तांदळाएवढ्या अक्षरांतलं लेबल : कुठे सापडला, कधी सापडला, कुणी पकडला.

आपण ऑफिसात वर्षअखेरीचे हिशेब जुळवतो, तेव्हा काय होतं? सगळ्या एंट्र्या आपापल्या खात्यात जाऊन बसतात आणि चार-दोन मात्र कुठेच बसत नाहीत. पुन्हा बेरीज करा, पुन्हा तपासा, तरी बसत नाहीत. नझारींचं नेमकं तेच झालं. आलेल्या पतंगांपैकी काही जण कुठल्याच ज्ञात प्रजातीत बसेनात. या कुळात तोवर नोंदलेली प्रजाती होती एकच, १९९८ मध्ये नाव मिळालेली 'निओपाल्पा निओनाटा'. हे तिच्यासारखे दिसत होते, पण ते 'ती' नव्हते.

म्हणजे गंमत बघा, हे पतंग कुणीतरी आधीच पकडले होते, टाचणी लावली होती, लेबल लिहिलं होतं. फक्त 'हा कोण?' हे कुणी नीट विचारलं नव्हतं.

बघून कळत नाही, बॉस!

वाघ आणि बिबट्या यांतला फरक आपल्याला लांबूनही कळतो. चार मिलिमीटरच्या पतंगांचं तसं नसतं. दोन सख्खे शेजारी दिसायला सेम टू सेम असू शकतात आणि तरी ते वेगळ्या प्रजातीचे असतात. मग ओळखायचं कसं?

पहिली पायरी अर्थातच दिसणं. पंखांचा रंग, डोक्यावरचे खवले, तोंडापुढे आलेले अवयव, हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचं.

दुसरी पायरी थोडी लाजवणारी आहे. पतंगांची खात्रीलायक ओळख पटवायची जुनी आणि जगन्मान्य पद्धत म्हणजे त्यांची जननेंद्रियं तपासणं! पोटाचा भाग कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून मऊ करायचा, आतला बारीक सांगाडा सोडवून घ्यायचा आणि काचपट्टीवर बसवायचा. कुलूप आणि किल्लीसारखं हे प्रकरण असतं. एकाच प्रजातीच्या नर-मादीचे अवयव एकमेकांना जुळतात, परक्यांचे जुळत नाहीत. म्हणून इथला फरक पंखांच्या रंगापेक्षा जास्त भरवशाचा मानला जातो. आता या नव्या पतंगाचे हे अवयव निओनाटापेक्षा आकाराने लहान निघाले. शास्त्रज्ञांनी ते मिलिमीटरमध्ये गंभीरपणे नोंदवलं. पण पतंगाचं नाव जाहीर झाल्यावर अमेरिकेतल्या विनोदवीरांनी त्याचं काय केलं असेल, ते आम्ही सांगायची गरज नाही!

तिसरी पायरी डीएनएची. दुकानात बिस्किटाच्या पुड्यावर जसा बारकोड असतो, तसा प्राण्यांच्या पेशींमधल्या एका ठरावीक जनुकाचा छोटा तुकडा बारकोडसारखा वापरता येतो, ही कल्पना २००३ मध्ये कॅनडातल्याच पॉल हेबर्ट यांनी मांडली. पतंगाचा एखादा सुकलेला पाय त्यासाठी पुरतो. निओपाल्पाच्या बाबतीतही हा बारकोड काढला गेला. तोही निओनाटाशी जुळला नाही.

मग या साऱ्या नमुन्यांमधून एक 'मूळ नमुना' ठरवला जातो. याला म्हणतात होलोटाइप. पुढे कधी वाद झालाच, तर हाच अखेरचा साक्षीदार. आपल्या ट्रम्पसाहेबांचा होलोटाइप कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, अल्गोडोनेस नावाच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये पकडलेला आहे.

शपथविधीआधी बारसं

प्राण्याला नाव देण्याचे नियम कडक आहेत आणि नाही म्हटलं तर मोकळेही आहेत. नाव लॅटिनच्या साच्यात हवं, आधी कुणी वापरलेलं नको, रीतसर प्रसिद्ध झालेलं हवं. पुरुषाच्या नावावरून ठेवलं तर शेवटी 'ई', स्त्रीच्या नावावरून ठेवलं तर शेवटी 'ए'. बाकी कुणाचं नाव द्यायचं, हा शोधणाऱ्याचा हक्क. फक्त स्वतःचंच नाव देणं हे अगदीच वाईट दिसतं, म्हणून ते कुणी करत नाही.

नझारींचा शोधनिबंध 'झूकीज' या नियतकालिकात १७ जानेवारी २०१७ रोजी प्रसिद्ध झाला. ट्रम्प पहिल्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेणार होते २० जानेवारीला. टायमिंग म्हणजे टायमिंग! दोन दिवसांत पतंगाचा आणि ट्रम्प यांचा फोटो शेजारी-शेजारी लावून जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी छापली. चार मिलिमीटरच्या पतंगाला इतकी प्रसिद्धी मिळाल्याचं दुसरं उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

आणि नझारींना नेमकं हेच हवं होतं. नाव ठेवण्यामागचं कारण त्यांनी निबंधातच देऊन टाकलं आहे. डोक्यावरच्या खवल्यांचं साम्य हा एक भाग. दुसरा भाग हा, की अमेरिकेतल्या नाजूक अधिवासांमध्ये अजून कितीतरी जीव नोंदले जायचे आहेत, ते अधिवास वाचवायला हवेत आणि त्यासाठी लोकांचं लक्ष तिकडे वळायला हवं. नव्या अध्यक्षांनी या गोष्टीला प्राधान्य द्यावं, अशी आशाही त्यांनी बोलून दाखवली होती.

याच्या महिनाभर आधी, डिसेंबर २०१६ मध्ये, हवाई बेटांजवळच्या खोल समुद्रातल्या एका गुलाबी-पिवळ्या माशाला 'टोसानॉइड्स ओबामा' असं नाव मिळालं होतं. तिथला संरक्षित समुद्र ओबामांनी वाढवला होता, त्याची ही पावती. म्हणजे एका अध्यक्षाला केलेल्या कामाबद्दल मासा मिळाला, तर दुसऱ्याला अजून करायच्या कामाबद्दल पतंग!

वाळूतलं घर

आता जरा या पतंगाचं घर बघू या. अल्गोडोनेसच्या वाळूच्या टेकड्या साधारण सत्तर किलोमीटर लांब आणि दहा किलोमीटर रुंद पसरल्या आहेत. तुम्ही 'स्टार वॉर्स'चे फॅन असाल तर तुम्ही ही जागा पाहिलेली आहे. १९८३ मध्ये आलेल्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मधला वाळवंटातल्या जहाजावरचा तो फेमस मारामारीचा सीन इथेच चित्रित झाला होता.

सिनेमावाले गेले, पण गाड्या आल्या. वाळूत पळवायच्या जाड टायरच्या बग्या घेऊन हिवाळ्यातल्या लाँग वीकएंडला इथे लाखाच्या घरात माणसं जमतात. आपल्याकडे पावसाळ्यात भुशी डॅमला जे होतं, त्याची ही वाळूतली आवृत्ती समजा. मजा येत असणार, यात शंकाच नाही. पण वाळूच्या वरच्या थरात, चाकाखाली, कुणाची अंडी आहेत, कुणाची रोपटी आहेत, हे बग्गीतून दिसत नाही.

आणि इथेच नावाची किंमत कळते. याच टेकड्यांवर मटारच्या जातकुळीतलं एक रोपटं उगवतं, पिअर्सन्स मिल्कव्हेच. चंदेरी पानं, जांभळी फुलं. त्याला नाव होतं, शास्त्रीय वर्णन होतं, म्हणून १९९८ मध्ये त्याला अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षण मिळू शकलं. त्या आधारावर पर्यावरणवादी संस्था कोर्टात गेल्या आणि २००० मध्ये सुमारे ४९ हजार एकर वाळू गाड्यांसाठी तात्पुरती बंद करावी लागली. पुढे २०१३ च्या आराखड्यात त्यातली बरीचशी जागा पुन्हा खुली झाली. पण रोपट्याच्या महत्त्वाच्या जागा बंद ठेवायचं ठरलं. एक वीतभर झुडूप हजारो बग्यांना थांबवू शकलं, कारण कोर्टाच्या कागदावर लिहायला त्याचं नाव होतं. ज्याला नावच नाही, त्याची बाजू मांडायची तरी कशी? 'युवर ऑनर, तो एक छोटासा पिवळा किडा...' असं म्हणून केस उभी राहत नाही.

नाव मिळालं म्हणजे संरक्षण आपोआप मिळतं असं नाही. निओपाल्पाच्या आसपासची शहरं वाढतायत, त्याची जागा आक्रसतेय. पण आता निदान त्याच्याबद्दल बोलता तरी येतं.

आणखी एक गंमत राहिलीच. या टेकड्यांमधून अमेरिका-मेक्सिको सीमा जाते. वाळू सारखी सरकते, म्हणून तिथे उचलून वर घेता येईल असं खास पोलादी कुंपण घातलेलं आहे. सीमेवर भिंत बांधणं हे ट्रम्प यांचं गाजलेलं आश्वासन. त्यांच्या नावाचा पतंग मात्र कॅलिफोर्नियातही राहतो आणि पलीकडे मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातही. व्हिसा कोण विचारतंय?

याच फॅमिलीतला आपला ओळखीचा

आता तुम्ही म्हणाल, कुठलं कॅलिफोर्निया, कुठला तो पतंग, आपल्याला काय त्याचं?

ऐका. निओपाल्पा ज्या घराण्यातला आहे, त्याचं नाव 'गेलेकिडी'. सगळे असेच लहान, मातकट, कुणाच्या नजरेत न भरणारे. या घराण्यातल्या एका सदस्याला महाराष्ट्रातलं शेंबडं पोरही ओळखतं. गुलाबी बोंडअळी!

हो, तीच. बोंडअळी ही पतंगाची अळी. कपाशीच्या फुलात शिरली की फुलाची डोमकळी होते, बोंडात शिरली की आतला कापूस सडतो, आणि बाहेरून बोंड चांगलं दिसत राहतं. गुजरातेतल्या भडोचच्या कापसात सापडलेल्या नमुन्यांवरून १८४० च्या दशकात तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं. २०१७ च्या खरिपात तिने विदर्भ-मराठवाड्यातली कपाशी अक्षरशः पोखरून काढली. बीटी कपाशीलाही ती जुमानेनाशी झाली होती. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. एकाच वर्षी, एकाच घराण्यातल्या एका पतंगावर जग हसत होतं आणि दुसऱ्यासमोर आपला शेतकरी हताश उभा होता.

फवारणी सगळ्यांना सारखीच मारते. शत्रूला, मित्रकीटकांना, कधीकधी फवारणाऱ्यालाही. याला एक शहाणा पर्याय आहे, कामगंध सापळा. मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, तसाच गंध सापळ्यात ठेवायचा. नर येतो आणि अडकतो. पण प्रत्येक प्रजातीचा गंध वेगळा! बोंडअळीच्या सापळ्यात शेजारच्या प्रजातीचा पतंग ढुंकूनही बघत नाही. म्हणजे आधी 'हा नक्की कोण?' हे कळायला हवं, मगच सापळा लावता येतो. अमेरिकेने याच गंधाचा वापर, बीटी कपाशी आणि कारखान्यात वाढवून सोडलेले नसबंदी केलेले पतंग, असं सगळं एकत्र करून आपल्या कपाशीच्या पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार केली. तशी अधिकृत घोषणा ऑक्टोबर २०१८ मध्ये झाली. आणि योगायोग असा, की स्पॅनिशमध्ये 'अल्गोदोन' म्हणजे कापूस.

वाचवायचं असो की रोखायचं, सुरुवात ड्रॉवरपाशी वाकून बसलेल्या माणसापासूनच होते.

सचिन, तुकाराम आणि ठाकरे

नावं देण्यात आपणही मागे नाही. २०१९ मध्ये एका उडी मारणाऱ्या कोळ्याला 'मरेंगो सचिनतेंडुलकर' हे नाव मिळालं. त्याच वर्षी कोयनेच्या जंगलातल्या सापाला तेजस ठाकरे यांच्यावरून 'बोइगा ठाकरेयी' म्हटलं गेलं. आणि २०२१ मध्ये ठाण्यात सापडलेला एक चिमुकला कोळी झाला 'इसियस तुकारामी'. २६/११ च्या रात्री कसाबची बंदूक मरेपर्यंत न सोडणाऱ्या तुकाराम ओंबळेंची ही आठवण. नाव वाचून अंगावर काटा येतो. ज्या शहरासाठी ते गेले, त्याला लागूनच तो कोळी सापडला.

पतंगांचं मात्र आपल्याकडे जरा दुर्लक्षच झालंय. फुलपाखराचा थाट वेगळा. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मानही दिला. पण जगात नोंदलेल्या पतंगांच्या प्रजाती सुमारे एक लाख साठ हजार, फुलपाखरांच्या आठ-नऊ पट! भारतातच दहा हजारांहून जास्त. त्यांची ओळख पटवायला अजूनही अभ्यासक जॉर्ज हॅम्पसन या इंग्रजाने १८९२ ते १८९६ मध्ये लिहिलेले ग्रंथ उघडतात. आयटीची राजधानी म्हणवून घेणाऱ्या शहरांच्या बाल्कन्यांमध्ये रोज रात्री जे येऊन बसतं, त्याची यादी सव्वाशे वर्षांपूर्वीची!

परवा रात्री हा लेख लिहीत असताना लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक बारीकसा पतंग येऊन बसला. कर्सरच्या शेजारी, कर्सरएवढाच. एरवी फुंकर मारून उडवला असता. या वेळी मोबाइल काढून फोटो घेतला. कोण आहे ते अजून विचारतेय. तोवर त्याला झटकायचं नाही, एवढं ठरवलंय.

चौकट : बाल्कनीतली पतंग पार्टी

वीकएंडला मल्टिप्लेक्सचा कंटाळा आला असेल तर हे करून बघा. खर्च जवळपास शून्य.

• काय लागेल : एक पांढरी चादर, दोरी, चार चिमटे आणि एक बल्ब. चादर वाळत घालतो तशी ताणून लावा, बल्ब तिच्यासमोर टांगा.

• कधी : पावसाळा आणि त्यानंतरचे दिवस बेस्ट. ढगाळ, वारा नसलेली, अमावस्येच्या जवळपासची रात्र निवडा. अंधार पडल्यावर दोन-तीन तास पुरेत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात 'नॅशनल मॉथ वीक' असतो. २०१२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेला हा उपक्रम भारतातही हौसेने साजरा होतो.

• फोटो कसा : बरोबर वरून, दोन्ही पंख दिसतील असा. शेजारी छोटी पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल. तारीख आणि ठिकाण लिहायला विसरू नका. त्याशिवाय फोटोचा अभ्यासाला उपयोग नाही.

• पाठवायचा कुठे : 'आयनॅचरलिस्ट' किंवा 'मॉथ्स ऑफ इंडिया'वर. तिथले जाणकार ओळख पटवायला मदत करतात.

• हे करू नका : पंखांना हात लावू नका, खवले निघतात. रात्रभर दिवा चालू ठेवू नका. पतंग थकतात आणि भिंतीवरच्या पालींची मेजवानी होते. बघून झालं की दिवा बंद करा, चादर हलकेच झटका आणि पाहुण्यांना आपापल्या वाटेने जाऊ द्या.